परिभाषित अंशदान, अपरिभाषित निवृत्तिवेतन

१ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर नियुक्त झालेल्या राज्य कर्मचाऱ्यांना परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना लागू झाली. तिची मर्यादा तिच्या नावातच आहे. मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या १० टक्के कर्मचाऱ्याचे, शासनाचे आधी १० व पुढे १४ टक्के. निश्चित आहे ते एवढेच. हाती काय पडेल, हे बाजारातील परताव्यावर सोडले गेले. १९८२ च्या नियमांतील निम्म्या वेतनाची शाश्वती येथे संपली.

धाराशिवसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात नोकरदाराच्या वेतनावर घरची कोरडवाहू शेतीही तगून असते; ही अनिश्चितता त्यामुळे एकट्याची राहत नाही. एकाच प्राध्यापक कक्षात शेजारी बसणाऱ्या दोघांचे वार्धक्य केवळ नियुक्तीच्या तारखेने निराळे ठरावे, यामागील तत्त्व कोणते, हा प्रश्न अनुत्तरितच आहे.

मार्च २०२३ च्या संपकाळात तिजोरीवरील भाराचा युक्तिवाद पुढे आला. तो खोटा नव्हे. परंतु २००५ मध्ये जोखीम नाहीशी झाली नव्हती, ती कर्मचाऱ्याच्या खांद्यावर गेली होती. २५ ऑगस्ट २०२४ रोजी राज्य मंत्रिमंडळाने केंद्राच्या धर्तीवरील एकीकृत योजना स्वीकारली. तीत २५ वर्षांच्या सेवेनंतर अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्या रकमेची हमी आहे. १० टक्के कपात मात्र कायम आहे.