पटावरचा मुलूख आणि दख्खनचा दरबार

संगणकावरच्या खेळाची चर्चा साहित्यविषयक वार्षिकात कशासाठी, असा प्रश्न काही वाचक विचारतील. आमचे उत्तर साधे आहे. आमच्या पाहण्यात कांजूरमार्गच्या वस्त्यांमधून ऐतिहासिक कादंबरी हाती घेणारी मुले थोडी, आणि राज्ये उभारण्याचे-बुडवण्याचे खेळ खेळणारी पुष्कळ. पूर्वी ती सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून खेळत, आता घरच्या लॅपटॉपवर खेळतात. राजा कोणाला म्हणावे, तह कशासाठी करावा, शत्रू कसा ओळखावा, याविषयीच्या पहिल्या कल्पना त्यांना तिथे मिळतात. बखर, पोवाडा, कादंबरी आणि सिनेमा यांनी एके काळी केलेल्या कामातला मोठा वाटा आज हे खेळ उचलत आहेत. तेव्हा कादंबरीला आपण जी कसोटी लावतो ती खेळालाही लावली पाहिजे. ‘पोरांचा वेळ वाया जातो’ एवढे म्हणून हात झटकणे ही समीक्षा नव्हे.

या प्रकारातला सर्वांत नावाजलेला खेळ म्हणजे सिड मायर यांचा ‘सिव्हिलायझेशन’. त्याचा पहिला भाग १९९१ साली आला आणि सातवा २०२५ साली. आम्ही येथे मुख्यतः २००५ सालच्या चौथ्या भागाचा विचार करणार आहोत, कारण मुलूखगिरी आणि मुत्सद्देगिरी यांचा मेळ त्यात अधिक बारकाईने मांडला आहे, आणि धर्म हा राजकारणाचा घटक म्हणून या मालिकेत प्रथम त्यातच आला. खेळाडू एका संस्कृतीचा राजा होतो आणि इसवी सनापूर्वी ४००० पासून आधुनिक काळापर्यंत ती चालवतो. बाकीचे राजे संगणक चालवतो.

नकाशा लहान असेल तर हा खेळ तलवारीचा आहे. शेजारी एक-दोनच, त्यांना बुडवले की काम झाले. नकाशा मोठा घेतला की सगळे बदलते. राजधानीपासून अंतर वाढेल तसा प्रत्येक शहराचा खर्च वाढतो. शहरांची संख्या वाढेल तसा आणखी वाढतो. घाईने दहा शहरे जिंकणाऱ्याचा खजिना रिकामा होतो, विद्या मागे पडते आणि पगाराविना फौज मोडते. म्हणून जाणता खेळाडू शेजाऱ्यांपैकी एकालाच निवडतो, दुसऱ्याशी सलोखा ठेवतो, आणि दूरच्या राजाला तिसऱ्याच्या अंगावर सोडतो. हरलेल्याला पुरता बुडवण्यापेक्षा मांडलिक करून ठेवणे पुष्कळदा किफायतीचे पडते. २००६ च्या ‘वॉरलॉर्ड्स’ या जोडभागात तशी सोयच केली आहे. शेजारी तो शत्रू आणि शेजाऱ्याचा शेजारी तो मित्र, हे कौटिल्याचे मंडल ज्या मुलाने कधी वाचले नाही त्यालाही ते इथे अनुभवाने कळते. खेळाचे हे श्रेय नाकारता येत नाही.

दख्खनचा इतिहास या हिशेबाला दुजोरा देतो. औरंगजेबाने १६८६ साली विजापूर घेतले आणि १६८७ साली गोवळकोंडा. नकाशावर पाहिले तर हे दोन मोठे विजय. प्रत्यक्षात मराठ्यांच्या आणि त्याच्या मध्ये असलेली दोन राज्ये त्याने स्वतःच्या हाताने पुसली, त्यांचा बंदोबस्त आणि त्यांचे बेकार झालेले सरदार आपल्या गळ्यात घेतले, आणि पुढची वीस वर्षे तो दक्षिणेतून बाहेर पडू शकला नाही. १७०७ साली तो अहमदनगरजवळ, म्हणजे आजच्या अहिल्यानगरजवळ, मरण पावला. याउलट शिवाजी महाराजांनी १६७७ साली कर्नाटकच्या मोहिमेवर निघण्याआधी गोवळकोंड्याच्या अबुल हसन कुतुबशाहाशी तह केला आणि मगच जिंजीकडे गेले. मोठ्या पटावर कोणाला बुडवायचे याच्याइतकेच कोणाला राहू द्यायचे हेही ठरवावे लागते.

दूर कशाला, कांजूरची जमीनच पाहा. साष्टी बेटावरची ही खाडीकाठची जमीन. १५३४ साली हुमायूनचे संकट समोर दिसताच गुजरातच्या बहादूरशाहाने पोर्तुगिजांशी वसईचा तह केला आणि वसईबरोबर साष्टीही त्यांच्या हवाली केली. १७३७ साली मराठ्यांनी साष्टी घेतली. १७७४ साली इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. चार राजवटी बदलल्या, त्यांपैकी एक बदल पुरता कागदावर झाला आणि दुसऱ्यावर कागदानेच शिक्का मारला. आणि पहिल्या तहात मुसलमान सुलतान दुसऱ्या मुसलमान बादशहाच्या भीतीने ख्रिस्ती राजसत्तेशी हातमिळवणी करीत होता, हे ध्यानात ठेवावे. पुढच्या विवेचनात ते उपयोगी पडेल.

आता मुत्सद्देगिरीकडे वळू. चौथ्या भागात प्रत्येक राजाच्या मनात आपल्याविषयी काय आहे ते अंकांत दिसते. सरहद्दी एकमेकांना खुल्या ठेवल्या तर अधिक, व्यापार रास्त केला तर अधिक, बरोबरीने लढलो तर अधिक, शांततेची वर्षे लोटली तर अधिक. सीमा भिडल्या तर उणे, त्याच्या वैऱ्याशी व्यापार केला तर उणे. आणि या यादीत एक ठळक रकाना धर्माचा आहे. राजधर्म एक असेल तर अधिक, वेगळा असेल तर उणे. बौद्ध, हिंदू, यहुदी, कन्फ्युशियस, ताओ, ख्रिस्ती आणि इस्लाम असे सात धर्म आहेत, आणि खेळकर्त्यांनी सातांचे गुणधर्म मुद्दाम सारखेच ठेवले आहेत. कोणताही धर्म जात्या लढाऊ नाही, कोणताही जात्या सोशिक नाही. आमच्या मते हा न्याय दुर्मिळ आहे.

राजांच्या स्वभावाच्या बाबतीत मात्र तो तितका पाळलेला नाही. अरबांचा राजा सलाहुद्दीन आहे आणि त्याची आवडती राज्यपद्धती म्हणून धर्मसत्ता नेमून दिली आहे. इतिहासातला सलाहुद्दीन ११९२ साली रिचर्डशी तह करून जेरुसलेम ख्रिस्ती यात्रेकरूंना खुले ठेवणारा मुत्सद्दीही होता. भारताच्या वाट्याला अशोक आणि गांधी आले. मोगल नाहीत, पण ताजमहाल आहे, आणि तो कोणतीही संस्कृती बांधू शकते. बांधणाऱ्यांवाचून इमारत, असा हा प्रकार! मोगलांना स्वतंत्र स्थान मिळायला २०२५ चा सातवा भाग यावा लागला.

धर्माच्या रकान्याकडे परत येऊ. तो दख्खनवर लावून पाहिला तर काय दिसते? १५६५ च्या तालीकोटच्या लढाईत विजयनगरच्या रामरायाविरुद्ध अहमदनगर, विजापूर, गोवळकोंडा आणि बीदर एकत्र आले. रकाना म्हणेल, धर्म एक म्हणून एक झाले. पण त्याआधी सात-आठ वर्षांच्या आतच याच रामरायाबरोबर जाऊन अली आदिलशाहाने अहमदनगरवर स्वारी केली होती. इब्राहिम कुतुबशाहाने गादीवर येण्यापूर्वी सात वर्षे विजयनगरातच आसरा घेतला होता. धर्म तेव्हाही तेच होते, दोस्त-दुश्मन वेगळे होते. बदलले ते बळ: रामराया सर्वांना डोईजड झाला. आणि ही युती पक्की करण्यासाठी एकच धर्म पुरेसा वाटला नाही, म्हणून हुसेन निजामशाहाची मुलगी चांदबीबी विजापूरला दिली गेली आणि वर्षानुवर्षे ज्याच्यावरून लढाया झाल्या तो सोलापूरचा किल्ला आंदणात गेला.

तरीही एक गोष्ट आम्हांस प्रांजळपणे नोंदवावीशी वाटते. खेळात धर्म हा अनेक रकान्यांपैकी एक आहे. रास्त व्यापाराने, बरोबरीच्या लढाईने, दीर्घ शांततेने त्याची तूट भरून निघते. आपल्या लोकप्रिय ऐतिहासिक कादंबऱ्यांत आणि अलीकडच्या सिनेमांत बहुधा तो एकच रकाना उरलेला असतो. परदेशी कंपनीने मुलांसाठी केलेला खेळ या बाबतीत आपल्या पुस्तकांच्या कपाटापेक्षा उदार ठरावा, याचा विचार मराठी साहित्यव्यवहाराने करायला हवा.

खेळाची खरी मर्यादा याच्याही खाली आहे. पटावर प्रत्येक राज्याला एक रंग आहे. सीमा दोन रंगांच्या मध्ये असते. राज्याच्या आत सारे एकरंगी. जिंकलेल्या शहरात मूळच्या लोकांची टक्केवारी दाखवतात खरी, पण तिचा परिणाम काय? ते असंतुष्ट राहतात, जुन्या राज्याकडे परत जाऊ पाहतात. म्हणजे मिश्र वस्ती खेळाला माहीत आहे, पण मुख्यतः डोकेदुखी म्हणून. शहरातल्या अनेक धर्मांमुळे लोक सुखी होतात आणि विद्या वाढते, अशी धर्मस्वातंत्र्याची राज्यपद्धतीही खेळात आहे. परंतु ती मिळते उदारमतवादाचा शोध लागल्यावर, म्हणजे युरोपच्या इतिहासाच्या क्रमाने, बऱ्याच उशिरा. त्याआधी लोक एकत्र नांदत असतील, हे त्या क्रमात बसत नाही.

दख्खनमध्ये सीमा राज्याराज्यांतून जात होती तशीच घरातूनही जात होती. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत हबशी मलिक अंबरच्या बाजूने शहाजीराजे लढले. त्यांचे सासरे लखुजी जाधवराव त्या काळात मोगलांकडे होते. समोर मोगल आणि आदिलशाही फौजा एकत्र होत्या. १६५९ साली अफझलखानाचा वकील म्हणून कृष्णाजी भास्कर आला. महाराजांच्या पदरी काझी हैदर होते. गोवळकोंड्याचा कारभार मादण्णापंत पाहत होते. हे अपवाद नव्हेत. राज्य चालवायचे तर हिशेब लिहिणारा, घोडदळ आणणारा, दर्यावर जाणारा असे सारे लागत, आणि ते ज्या समाजात असतील तिथून घेतले जात. वतन, नोकरी, सोयरीक आणि बिरादरी यांचे धागे असे गुंतलेले होते की पटावरची एकही सोंगटी एका रंगाची राहिली नसती.

इथे आपल्या स्वतःच्या सवयीकडेही पाहिले पाहिजे. शाळेत किंवा गल्लीत खेळ रंगात आला की आमच्या मुलांना सोबती सहज विचारतात, ‘तू कुठल्या बाजूने?’ हसत विचारलेला प्रश्न असतो, पण मुलगा घरी येऊन गप्प बसतो. मग आपण त्याला यादी पाठ करून देतो: महाराजांच्या सैन्यात अमुक मुसलमान, आरमारात तमुक. आपल्या सभांतून, लेखांतून ही यादी वर्षानुवर्षे फिरते आहे. तीतली नावे मोलाची आहेत, यात शंका नाही. पण ती दाखल्यासारखी पुढे करताना आपण पट दोनच रंगांचा आहे हे आधी मान्य करून बसतो, आणि आपल्या काही सोंगट्या समोरच्या रंगात होत्या एवढेच सांगतो. मलिक अंबर, चांदबीबी, मादण्णापंत अशी माणसे त्या यादीत बसत नाहीत, म्हणून ती आपल्या बोलण्यातूनही गळतात. मुलाला यादी नको, त्याला राज्य कसे चालत होते ते सांगायला हवे. मग ‘कुठल्या बाजूने’ हा प्रश्न त्या काळाला कसा लागू पडत नाही, हे तो स्वतःच सोबत्यांना समजावून देईल.

या खेळांत खेळणाऱ्याला स्वतःचे नकाशे आणि प्रसंग रचता येतात; चौथ्या भागात तर ती मुभा बरीच मोठी आहे. मराठी येणारी, संगणकात मुरलेली आपली अनेक मुले आज अभियांत्रिकी शिकत आहेत. त्यांनी १६२४ च्या दख्खनचा पट मांडून पाहावा. त्यात सरदाराला राज्य बदलता यावे, सासरा आणि जावई समोरासमोर यावेत, वकिलाचा धर्म आणि धन्याचा धर्म वेगळा असावा, आणि मिश्र शहर हे बळ म्हणून मोजले जावे. इतिहासाची साधने मराठीत आणि फारसीत आहेत. आपल्यातल्या फारसी जाणणाऱ्या जुन्या मंडळींनी या मुलांना जवळ बसवून घेतले, तर हे काम होण्यासारखे आहे.