खुल्या पत्राची भाषा : एक चिकित्सा

न्यायनिर्णय हा केवळ पक्षकारांसाठी लिहिलेला लेख नव्हे. तो प्रसिद्ध होतो, पुढील निर्णयांत उद्धृत होतो, आणि तशाच आघातातून गेलेल्या अनेकांपर्यंत त्यातील शब्द पोहोचतात. ते शब्द निष्ठुर असतील तर त्यांविरुद्ध कोणी व कसे बोलावे, या प्रश्नाचे एक उत्तर १६ सप्टेंबर १९७९ च्या खुल्या पत्रात सापडते. उपेन्द्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर व वसुधा धागमवार या चार विधिज्ञांनी ते भारताच्या सरन्यायाधीशांना उद्देशून लिहिले.

मार्च १९७२ मध्ये चंद्रपूरकडील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १४ ते १६ वर्षांच्या एका आदिवासी मजूर मुलीवर अत्याचार झाल्याची फिर्याद दोन पोलिसांविरुद्ध झाली. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये त्यांना निर्दोष ठरविले. नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये ती रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड नाही, यावरून झाला प्रकार शांततेने झाला, असा अर्थ काढण्यात आला. सत्र न्यायालयाने तर मुलीला खोटारडी म्हटले होते.

पत्राचे सामर्थ्य त्यातील संतापात आहे, असे सामान्यतः मानले जाते. ते पूर्णांशाने खरे नाही. संताप त्यात आहेच. परंतु त्याला आधार आहे तो शब्दांच्या काटेकोर वाचनाचा. संमतीमध्ये शरण जाणे अंतर्भूत असू शकेल, पण शरण जाणे म्हणजे संमती नव्हे, या एका भेदावर पत्रातील युक्तिवाद उभा आहे. निर्णयात काय लिहिले आहे याइतकेच काय लिहिलेले नाही, हेही पत्रलेखक दाखवितात : मुलीला ठाण्यात थांबवून घेण्याच्या कृत्याविषयी तेथे निषेधाचा एकही शब्द नाही. न्यायमूर्तींनी दारिद्र्याचा वेष घेऊन दिल्लीजवळच्या खेड्यांतील पोलीस ठाण्यांना भेट द्यावी, ही सूचना वरवर उपरोधिक वाटते. वस्तुतः वाचकाला दुर्बलाच्या जागी नेऊन उभे करण्याची ती रीत आहे. वयाची, दारिद्र्याची व पोलिसांच्या धाकाची जाणीव नसेल तर मौनाचा अर्थ चुकतो, हा त्यातील गाभा होय.

तथापि या पत्रालाही एक मर्यादा आहे. मुलीची बाजू त्यात समर्थपणे मांडली गेली. तिचा स्वतःचा आवाज मात्र त्यात नाही. शिवाय पत्राने व त्यामागून १९८० मध्ये उभ्या राहिलेल्या आंदोलनाने तिचे नाव सर्वतोमुखी केले. १९८३ च्या कायदादुरुस्तीने, पोलिसांच्या ताब्यातील अशा प्रकरणी शरीरसंबंध सिद्ध झाला व स्त्रीने संमती नव्हती असे न्यायालयात सांगितले, तर संमती नव्हती असेच न्यायालयाने गृहीत धरावे, असे ठरविले. त्याच दुरुस्तीने पीडितेची ओळख प्रसिद्ध करण्यासही मनाई केली. पहिल्या तरतुदीत पत्राचा विजय आहे, तर दुसरीत त्याच्या उणिवेची नकळत दिलेली कबुली आहे, असे म्हणता येईल.

एवंच, निष्ठुर शब्दांचा प्रतिवाद करणाऱ्यावर दुहेरी दायित्व येते. त्या शब्दांतील गृहीतके त्याने उघडी करावयाची असतातच. शिवाय ज्याच्या वतीने तो बोलतो, त्याला आपल्या शब्दांनी पुन्हा चव्हाट्यावर आणावयाचे नसते. पहिले दायित्व या पत्राने अजोडपणे पार पाडले. दुसऱ्याची जाणीव मागाहून झाली. आणि तिची किंमत त्या मुलीने मोजली.