'दगडाची स्मृती' : एका रूपकाची तपासणी

मराठी विज्ञानलेखनात दोन प्रयोग फार सैलपणे योजले जातात. एक 'पृथ्वी उलटली' आणि दुसरा 'दगडाला स्मृती असते'. दोन्ही आम्हांस खटकतात.

उलटते ती पृथ्वी नव्हे, तिचे चुंबकीय क्षेत्र. सूर्य पूर्वेसच उगवत राहतो. होकायंत्राचे उत्तर टोक तेवढे दक्षिणेकडे वळते, तेही एका रात्रीत नव्हे, काही हजार वर्षांच्या अवधीत. असा अखेरचा पूर्ण पालट सुमारे पावणेआठ लाख वर्षांपूर्वी झाला.

त्याचा एक उत्तम पुरावा गुहांतील गाळात मिळतो. संथ पाण्यात तळाशी बसताना मॅग्नेटाइटचे सूक्ष्म कण तत्कालीन क्षेत्राच्या दिशेस वळतात आणि वर नवे थर चढले की तेथेच जखडले जातात. गुहेत ऊन, वारा, नांगर सहसा पोहोचत नाहीत, म्हणून ती दिशा टिकते. स्पेनमधील आतापुएर्का येथील ग्रान दोलिना गुहेत या पालटाची खूण १९९५ साली जाहीर झाली. मानवी अस्थी त्या खुणेच्याही खालच्या थरात सापडल्या होत्या. युरोपातील मानवाचा इतिहास त्यामुळे एकदम मागे सरकला.

रूपक लंगडे पडते ते येथेच. गाळ दिशा सांगतो, साल सांगत नाही. पालट अनेकदा झाले आणि सारे दिसतात सारखेच. त्यांतला हा कोणता, हे अन्य कालमापनाशी ताडूनच ठरते. शासकीय दप्तरात उमेदीची वर्षे घालविलेल्या आम्हांस हे ओळखीचे वाटते : तारीख नसलेला उतारा चतुःसीमा आणि वहिवाट पाहूनच ग्राह्य धरावा लागतो. स्मृती आपण होऊन बोलते. दस्त वाचावा लागतो. म्हणून 'स्मृती' नको, 'दस्त' म्हणावे.

असा दस्त आपल्या पायांखालीही आहे. लाव्हा थंड होताना त्यातही दिशा गोठते. महाबळेश्वरच्या कड्यात खालचे थर उलट दिशेचे, माथ्याचे सरळ. तो पालट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. बेळगावजवळच्या देसूरचे नाव लाभलेला थर त्याहून वरचा, सरळ दिशेचा. कोगनोळीच्या विहिरींतून निघणारा काळा पाषाण याच कुळातला. आम्ही मात्र लेण्यांच्या भिंतींवरील अक्षरेच वाचीत राहिलो.

जपानमधील गेनबुदो ही गुहाही काळ्या पाषाणाची, खाणकामातून झालेली. मोतोनोरी मातुयामा यांनी १९२६ साली तेथील दगड तपासला, त्यात उलट दिशा आढळली. १९२९ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. तो सर्वमान्य होण्यास १९६० चे दशक उजाडावे लागले.