थांबू नये, तरंगू नये, पाहू नये

सरकारचे प्रेम मोठे विलक्षण असते. एखादी वस्तू सरकारला आवडली, की ते आधी तिच्याभोवती कुंपण घालते, मग कुंपणाला फाटक बसवते, फाटकाला कुलूप लावते आणि कुलपाशेजारी पाटी टांगते: 'ही आपली राष्ट्रीय संपत्ती आहे. आत जाऊ नये.' 'आपली' म्हणजे नेमकी कोणाची, हे विचारायला आत जावे, तर आत जाऊ नये!

जमिनीवर हे ठीक चालते. पण समुद्राला कुंपण कसे घालणार? मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. समुद्राशी माझा संबंध चौपाटीवरच्या भेळेपुरता. त्यामुळे हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. परंतु अमेरिकन सरकारला तो पडला, आणि त्याने तो कसा सोडवला हे वाचल्यापासून, नियम करण्याच्या बाबतीत आमच्या बँकेची बरोबरी कोणी करू शकणार नाही हा माझा अभिमान पार गळून पडला.

गोष्ट 'मॉनिटर' नावाच्या जहाजाची आहे. मॉनिटर म्हटले की आपल्याला फळ्यावर बडबड करणाऱ्यांची नावे लिहिणारा तो वर्गातला आगाऊ मुलगा आठवतो. गंमत अशी, की जहाजाचे नावही त्याच अर्थाने ठेवलेले. जॉन एरिक्सन या मूळच्या स्वीडिश इंजिनियरने अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूसाठी ते बांधले आणि दक्षिणेच्या बंडखोर पुढाऱ्यांना समज देणारा म्हणून त्याचे नाव मॉनिटर सुचवले. सपाट लोखंडी डेक आणि त्यावर तोफांचा गोल फिरता बुरूज, असे त्याचे रूप. लोक त्याला तराफ्यावरचा डबा म्हणून हसत. आपण पाटावर पालथे घातलेले पातेले म्हणू. ९ मार्च १८६२ रोजी या पातेल्याने 'व्हर्जिनिया' या दुसऱ्या लोखंडी जहाजाशी काही तास झुंज दिली. जिंकले कोणीच नाही, पण लाकडी युद्धनौकांचे दिवस भरले, हे जगाला कळून चुकले. पुढे त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला, जग नव्या वर्षाची वाट पाहत असताना, केप हॅटेरासजवळच्या वादळात मॉनिटर बुडाले. सोळा माणसे त्याच्याबरोबर गेली.

एकशे दहा वर्षे कोणी त्याची चौकशी केली नाही, असे नाही. केली, पण ते सापडत नव्हते. १९७३ साली ते सापडले. सुमारे २३० फूट खोल, पातेल्यासकट उलटे पडलेले. आणि ३० जानेवारी १९७५ रोजी, म्हणजे जहाज पाण्यात सोडल्याला बरोबर ११३ वर्षे झाल्याच्या दिवशी, सरकारने तिथला एक सागरी मैल व्यासाचा समुद्र 'राष्ट्रीय सागरी अभयारण्य' म्हणून जाहीर केला. अमेरिकेतले हे पहिलेच. आपल्याकडे अभयारण्य वाघाचे असते. इथे ते एका मेलेल्या जहाजाचे होते. वाघाला निदान अभय मिळाल्याचा आनंद तरी होतो.

आता नियम ऐका. या वर्तुळात नांगर टाकू नये. थांबू नये. रेंगाळू नये. इंजिन बंद करून तरंगू नये. कोणत्याही प्रकारे बुडी मारू नये, स्वतः नाही आणि यंत्रात बसूनही नाही. हे वाचून मी बँकेतल्या आमच्या पाटीकडे पाहिले. 'काउंटरपाशी विनाकारण गर्दी करू नये' एवढेच तिच्यावर लिहिले आहे. ग्राहकाने तरंगू नये, हे आम्हाला अजून सुचलेले नाही.

परवानगी मिळण्याची सोय अर्थातच होती. शास्त्रीय संशोधनासाठी अर्ज करावा. गॅरी जेंटाइल नावाच्या एका पाणबुड्या गृहस्थांनी १९८० च्या दशकात तसा अर्ज केला. बुडालेली जहाजे पाहणे आणि त्यांवर पुस्तके लिहिणे हाच त्यांचा उद्योग. सरकारचे उत्तर आले : जागा फार खोल आहे, तुमच्या जिवाला धोका आहे, सबब नाही. त्यांनी पुन्हा अर्ज केला. पुन्हा नाही. आता, अर्जदाराच्या जिवाची ही काळजी आमच्या व्यवसायात मला फार ओळखीची वाटते. कर्ज नाकारताना आम्हीही 'हप्ते तुम्हाला झेपणार नाहीत हो' असे कळवळून सांगतो. पण जेंटाइलसाहेब चिवट निघाले. त्यांनी सरकारशी कायद्याची लढाई केली, ते जिंकले आणि १९९० मध्ये खाली जाऊन, मॉनिटरचे फोटो काढून, धडधाकट वर आले. जहाजाचेही काही बिघडले नाही.

ही हकीकत मी दुपारच्या डब्याच्या वेळी आमच्या हेड कॅशियरना रंगवून सांगितली. ते भाकरी मोडता मोडता म्हणाले, "सरकारचेच बरोबर आहे. अहो, आज बघायला येतात, उद्या खिळा घेऊन जातात! लॉकरच्या खोलीत तुम्ही कोणालाही 'नुसते बघायला' सोडाल का?"

हेड कॅशियर हा माणूस मुळात संशयी असतो आणि म्हणूनच त्याची रोकड जुळते. त्यांचे म्हणणे मला झटकून टाकता येईना. बुडालेल्या जहाजांवरून कपबश्या, घंटा, दिवे उचलून आपल्या दिवाणखान्यात मांडणारे पाणबुडे जगभर झाले आहेत. खुद्द मॉनिटरवर १९९१ साली मासेमारीच्या एका खासगी बोटीने नांगर अडकवला. शिवाय ती सोळा माणसे. २००२ साली सरकारने मॉनिटरचा बुरूज वर काढला तेव्हा त्यात दोघांचे सांगाडे सापडले, आणि ८ मार्च २०१३ रोजी, दीडशे वर्षांनी, आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत त्यांना मानाने मूठमाती मिळाली. त्या सांगाड्यांवरून कोणी हौशी माणूस बटण उचलून घेऊन गेला असता, तर? या विचाराने माझीही विनोदबुद्धी थोडा वेळ गप्प बसते.

पण नीट पाहा. ज्याने इजा केली तो नांगर होता. जेंटाइलसाहेबांनी टाकली ती नजर. नियमाने दोघांना एकाच रांगेत उभे केले. आणि जो तिसरा खरा गुन्हेगार, म्हणजे खारे पाणी, त्याला मात्र पाटी वाचता येत नव्हती. माणसांना बाहेर ठेवून जपलेले ते लोखंड आतल्या आत कुजत होते. कुजणे इतके वाढले, की अखेर सरकारनेच आरमाराचे पाणबुडे खाली पाठवले, जहाजाचा काही भाग कापून काढला आणि बुरूज उचलून आणला. तो आज व्हर्जिनिया राज्यातल्या न्यूपोर्ट न्यूज इथल्या संग्रहालयात आहे. हे उत्तमच झाले. त्यामुळे त्या दोघांना मूठमाती मिळाली. पण ज्याच्याकडे पाहायलाही मनाई होती त्याला कापायला लागावे, हा हिशेब कोणत्या खात्यात लिहायचा?

सरकार नको, बाजारच बरा, असे कोणी म्हणेल. त्याने टायटॅनिककडे पाहावे. १९८५ साली ते सापडले. त्यावरच्या वस्तू काढण्याचा हक्क १९९४ मध्ये एका कंपनीला मिळाला, आणि पुढे त्या कंपनीने इतरांनी तिथे जाऊन पाहू नये, फोटोही काढू नयेत, असा मनाई हुकूम आणला! १९९९ साली वरच्या कोर्टाने सांगितले, की वस्तू काढण्याचा हक्क निराळा आणि बघणे निराळे. बघण्यावर मालकी सांगता येणार नाही. म्हणजे पाटी सरकारची असो की कंपनीची, मजकूर तोच. फक्त कंपनीच्या पाटीखाली तिकिटाचा दर असतो. पुढे २०२३ च्या जूनमध्ये टायटॅनिक पाहायला निघालेली 'टायटन' ही पाणबुडी पाण्याच्या दाबाने चिरडली आणि पाच माणसे गेली. तिकीट होते अडीच लाख डॉलर. तेव्हा 'तुमच्या जिवाला धोका आहे' हे वाक्य प्रत्येक वेळी कारकुनी सबबच असते, असे मीही म्हणणार नाही. पण धोका असेल तर यान तपासा, माणसाची तयारी तपासा. समुद्र बंद करणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

आणि उपाय आहे, तो त्याच खात्याला पुढे सापडलाही. २००० साली याच सरकारने ह्यूरॉन सरोवरात 'थंडर बे' नावाचे अभयारण्य केले. तिथे पुष्कळ जहाजे बुडालेली आहेत. तिथे काय केले? जहाजांजवळ बोये बांधून ठेवले. तुमची होडी बोयाला बांधा, म्हणजे नांगर टाकायलाच नको. मग खुशाल खाली उतरा आणि बघा. ज्याला पोहता येत नाही (म्हणजे मी) त्याच्यासाठी काचेच्या तळाची बोट आहे. युनेस्कोच्या २००१ च्या करारातही दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी लिहिल्या आहेत : शक्यतो वस्तू जागच्या जागी ठेवा, आणि हानी न करता पाहायला येणाऱ्या लोकांना उत्तेजन द्या. सगळा कायदा एका बोयावर तरंगू शकतो, हे कळायला एवढी वर्षे लागली.

हेड कॅशियरसाहेबांच्या लॉकरबद्दल मी नंतर बराच विचार केला. लॉकर एका किल्लीने उघडत नाही. एक किल्ली बँकेची, एक ग्राहकाची. बँकेने आपली किल्ली सांभाळावी, हे रास्त आहे. पण ग्राहकाचीही काढून घेतली, तर त्याला लॉकर म्हणत नाहीत, जप्ती म्हणतात. आणि ज्याला आपले दागिने वर्षानुवर्षे पाहायला मिळत नाहीत, तो एक दिवस भाडे भरायचेही सोडून देतो. जहाजांचे तसेच आहे. ज्यांनी ते पाहिले, तेच त्याच्यासाठी पुढे भांडतात, पैसे द्या म्हणून सरकारच्या मागे लागतात, नांगर टाकणाऱ्याची कागाळी करतात. पाहणारा माणूस हा फुकटचा राखणदार असतो, आणि फुकट मिळणारा राखणदार नाकारणारे खाते मी तरी अजून ताळेबंदात पाहिलेले नाही.

तेव्हा समुद्रातल्या पाटीवर एकच ओळ पुरे : 'नांगर बाहेर ठेवावा, डोळे आत आणावेत.' तरंगण्याबद्दल मात्र काही लिहू नये. ती गोष्ट समुद्रावर सोडावी.