मुस्तफा : एक रसग्रहण

आमच्या इथल्या एका वाचनालयानं यंदा 'माझी आवडती कलाकृती' अशी व्याख्यानमाला ठरवली आणि वक्त्यांच्या यादीत माझंही नाव घातलं. यात माझ्या विद्वत्तेचा काही संबंध नाही. वाचनालयाचं खातं आमच्या शाखेत आहे आणि त्यांचं पासबुक मी तक्रार न करता भरून देतो, एवढाच काय तो माझा साहित्याशी संबंध. माझ्याआधी एक प्राध्यापक ज्ञानेश्वरीवर बोलले, एक डॉक्टर भैरवीवर बोलले आणि एक निवृत्त तहसीलदार ताजमहालावर बोलायला उभे राहिले ते जागेच्या मालकीपाशी अडकून बसले. मग चिटणीसांचा मला फोन आला.

"तुमचा विषय काय छापू?"

"मुस्तफा."

"वा! उर्दू कादंबरी वाटतं?"

"नाही हो. व्हिडिओ गेम."

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग चिटणीस म्हणाले, "कळवतो." बँकेत आम्हीही नको असलेल्या माणसाला 'कळवतो' असंच सांगतो, त्यामुळे मला अर्थ लगेच कळला. पण व्याख्यानाची तयारी झाली होती. ती वाया घालवणं वाणिज्य शाखेच्या पदवीधराला शोभत नाही, म्हणून ती इथं खर्ची टाकतो आहे.

आधी अधिकार सांगतो. १९९५ ते ९७ ही तीन वर्षं मी जुन्या जालन्यातल्या एका व्हिडिओ गेमच्या दुकानात काढली. शाळाही त्याच काळात होती म्हणतात. दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली, त्यात प्लायवूडची चार कपाटं, प्रत्येक कपाटात एक टीव्ही, समोर हँडल आणि बटणं, आणि दाराशी स्टुलावर चाचा. चाचांना नाव असणार, पण ते विचारायची कुणाला गरज पडली नाही. एक रुपया दिला की एक डाव. डाव रंगात आला आणि वीज गेली की रुपया गेला. वीज त्या काळी नेमानं जायची, आणि चाचा आकाशाकडे बोट दाखवायचे. त्या रुपयाची वसुली कुठल्या खात्यातून करायची हे मला बी.कॉम. झाल्यावरसुद्धा कळलेलं नाही.

त्या चार कपाटांतल्या एकात 'मुस्तफा' होता. या गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स'. जपानच्या कॅपकॉम कंपनीनं तो १९९३ साली काढला, मूळ गोष्ट एका अमेरिकन चित्रकथेतली. त्यात चार नायक, आणि पिवळ्या टोपीचा मुस्तफा त्यांतला एक. पण तो सगळ्यांत चपळ, आणि नाव ऐकून आपल्या गल्लीतला वाटायचा. त्यामुळे भारतभरच्या पोरांनी गेमचं नाव परस्पर बदलून टाकलं. जालन्यात एखाद्या पोराला 'कॅडिलॅक्स' म्हटलं असतं तर त्याला ते पोटदुखीचं औषध वाटलं असतं.

आता समीक्षा. समीक्षक लोक चित्र बघतात, भिंत बघत नाहीत. मी मात्र मुस्तफा मागच्या बाजूनं पाहिलेला आहे. याचं कारण असं की अधूनमधून पडद्यावर मुंग्या यायच्या, मग चाचा कपाटाचं मागचं दार उघडायचे आणि ओरडायचे, "अरे, किसी के पास रबड है क्या?" खोडरबर दप्तरात असणारा मी एकटाच होतो. आत एक हिरवा बोर्ड असायचा, त्याच्या एका काठावर पितळी रंगाच्या बारीक पट्ट्या. चाचा माझ्या खोडरबरानं त्या पट्ट्या घासायचे, बोर्ड परत खोबणीत दाबायचे आणि मुस्तफा शुद्धीवर यायचा. त्या खोडरबरानं माझ्या गणितातल्या चुका कमी आणि जपानी यंत्रातल्या जास्त खोडल्या.

त्या पट्ट्या छप्पन्न असतात, एका बाजूला अठ्ठावीस आणि दुसऱ्या बाजूला अठ्ठावीस. १९८५ च्या सुमारास जपानच्या गेमयंत्र बनवणाऱ्यांच्या संघटनेनं ठरवलं की कुठल्याही कंपनीचा बोर्ड कुठल्याही कपाटात बसला पाहिजे. वीज या पट्टीवर, आवाज त्या पट्टीवर, हँडल इकडे, नाणं तिकडे. संघटनेच्या आद्याक्षरांवरून या पद्धतीला 'जामा' म्हणतात. आपल्याकडे दोन बँकांच्या स्लिपा एकसारख्या नाहीत, आणि तिथं एकमेकांचे गळे धरणाऱ्या कंपन्यांनी छप्पन्न तारांवर एकमत केलं! या जाम्यामुळेच कपाट तेच ठेवून नुसता बोर्ड बदलणं चाचांना परवडलं. मला विचाराल तर जपानी प्रतिभेचा हा सर्वोत्तम नमुना आहे, आणि तो पडद्यावर दिसतच नाही.

आमचे चिरंजीव म्हणतात, "बाबा, तुमच्या गेमचे ग्राफिक्स म्हणजे ठिगळं आहेत." चिरंजीवांचा हिशेब बरोबर आहे. मुस्तफाचा पडदा आडवे ३८४ आणि उभे २२४ ठिपक्यांचा. गुणाकार केला तर ८६,०१६. चिरंजीवांच्या खिशातल्या फोनवर याच्या तीसपट ठिपके आहेत आणि तरी त्यांना अभ्यासाचं पुस्तक दिसत नाही. पण ठिपके कमी म्हणून कला कमी, हे मात्र मला मान्य नाही. माझं तर उलट म्हणणं आहे.

'स्पेस इन्व्हेडर्स'चं घ्या. १९७८ साली ताइतो कंपनीच्या तोमोहिरो निशिकादो यांनी केलेला गेम. पंचावन्न राक्षस रांगेनं खाली उतरतात, आपण त्यांना टिपायचं. आतला प्रोसेसर इंटेलचा ८०८०, बिचारा फार सावकाश. सेकंदाच्या साठाव्या भागात तो एकच राक्षस हलवायचा. पंचावन्न असताना प्रत्येकाची पाळी जवळजवळ सेकंदानं यायची. राक्षस मरत गेले की पाळी लवकर येऊ लागली, आणि उरलेले पळू लागले. शेवटचा राक्षस तर चौखूर उधळायचा. लोकांना वाटलं, काय नाट्य आहे! वास्तविक ती काउंटरवरची गर्दी कमी झाल्याची खूण होती. आमच्या शाखेतही पावणेचारला माझा वेग असाच वाढतो, पण त्याला कुणी नाट्य म्हणत नाही. निशिकादोंचा मोठेपणा असा की दोष दिसल्यावर त्यांनी तो दुरुस्त केला नाही. पडद्याला रंगही नव्हता, तो रंगीत पारदर्शक पट्ट्या चिकटवून आणला होता. गणपतीत आम्ही ट्यूबलाइटला जिलेटिन लावायचो, तसाच.

१९८१ च्या 'डाँकी काँग'ची कुळकथा तर निव्वळ कॉमर्सची आहे. निंटेंडोचा 'रडार स्कोप' नावाचा गेम अमेरिकेत पडला आणि सुमारे दोन हजार कपाटं गोदामात अडकली. डेड स्टॉक! तो निकाली काढायचं काम शिगेरू मियामोतो या तरुण चित्रकाराकडे आलं. त्यानं त्याच कपाटांत नवा गेम घातला. इतक्या थोड्या ठिपक्यांत तोंड काढता येईना म्हणून नायकाला मिशा दिल्या, आणि केस नीट काढता येईनात म्हणून टोपी. तोच पुढे मारिओ झाला. तुंबलेल्या मालातून एवढं भांडवल उभं राहिल्याचं दुसरं उदाहरण मला आमच्या जालन्याच्या भंगारातही सापडलं नाही, आणि इथं भंगार वितळवून सळया करण्याचे कारखाने पुष्कळ आहेत.

नाम्कोच्या १९८० सालच्या 'पॅकमॅन'मध्ये फेऱ्या मोजायला एकच खाना ठेवला होता, आणि त्यात २५५ च्या पुढचा आकडा मावत नाही. २५६ वी फेरी आली की खात्यात शून्य, आणि उजवा अर्धा पडदा अक्षरांच्या खिचडीनं भरून जातो. लेजरचा रकाना अरुंद ठेवला की काय होतं ते आम्ही हेड ऑफिसला वर्षानुवर्षं सांगतो आहोत.

आता मुस्तफाच्या पोटात शिरू. कॅपकॉमनं १९८८ पासून एकच सामाईक यंत्र करून त्यावर एकामागून एक गेम काढले. १९९१ चा 'स्ट्रीट फायटर टू' त्याच घराण्यातला, आणि मुस्तफा त्याच्या सुधारलेल्या आवृत्तीवरचा. त्यात दोन प्रोसेसर. मोटोरोलाचा ६८००० हा मॅनेजर, सगळे निर्णय त्याचे. झायलॉगचा झेड-८० हा क्लार्क, त्याच्याकडे फक्त आवाजाचं खातं. मॅनेजरचा वेग सुरुवातीला दहा मेगाहर्ट्झ होता, म्हणजे चित्राच्या एका चौकटीमागे त्याला सुमारे एक लाख सहासष्ट हजार टिकटिका मिळायच्या. त्यातच मारामारी, पळापळ आणि डायनासोर उरकायचा. पडद्यावर मागे सरकणारे देखाव्याचे तीन पडदे, पुढे हलणारी माणसं छोट्या चौकोनांची जोडलेली, आणि असे चौकोन एका वेळी २५६ च. म्हणून गुंडांची संख्या बेतानं, आणि एकाच गुंडाला शर्टाचा रंग बदलून, नाव बदलून पुन्हा पाठवायचं. आमच्या गॅदरिंगच्या नाटकात एकच मुलगा शिपाई, दूत आणि पुरोहित व्हायचा, त्यातलाच प्रकार. क्लार्क झेड-८० मात्र १९७६ साली नोकरीला लागला आणि त्याचं उत्पादन थांबवल्याचं २०२४ साली जाहीर झालं. अठ्ठेचाळीस वर्षांत बढती नाही. मी ती बातमी वाचली त्या दिवशी डबा तसाच परत आणला.

एवढं कौतुक झाल्यावर समीक्षकानं दोष दाखवायचे असतात. पहिला दोष लोभ. हे यंत्र गोष्ट सांगायला नव्हे, रुपया काढायला बनवलं होतं, आणि शेवटचे राक्षस इतके राठ का, याचं उत्तर सौंदर्यशास्त्रात नसून गल्ल्यात आहे. दुसरा दोष बॅटरी. चोरटे बोर्ड निघू नयेत म्हणून कॅपकॉमनं मुस्तफाच्या काळापासून आवाजाचा कारभार गुप्त लिपीत ठेवला आणि तिची किल्ली एका छोट्या बॅटरीवर जगवली. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते, आणि बिचारा क्लार्क स्वतःचीच वही वाचू शकत नाही. पैसे मोजून घेतलेला माल, आणि त्याचं मरण कंपनीनं आत बांधून पाठवलेलं! चोरट्यांनी ही आवाजाची व्यवस्थाच काढून टाकली आणि जागी हलकी चिप बसवली. आवाज पत्र्याचा झाला, पण बॅटरीची कटकट गेली.

हे सगळं मी कागदावर लिहून काढलं होतं, आणि मागच्या महिन्यात माझ्या काउंटरवर चाचा आले.

मी ओळखलं नाही. त्यांनीही नाही. दुकान बंद होऊन पंचवीसेक वर्षं झाली होती. हातात कापडी पिशवी, तिच्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. "साब, इसपे लोन मिलेगा क्या?" म्हणून त्यांनी ते काउंटरवर उघडलं. नातीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता, तोही इलेक्ट्रॉनिक्सला, आणि कुणीतरी सांगितलं होतं की जुन्या जपानी बोर्डांना परदेशात मोठी किंमत येते. पट्ट्यांच्या काठावर घासल्याच्या खुणा होत्या. मी म्हटलं, "चाचा, रबड है क्या?" तेव्हा कुठे त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

शैक्षणिक कर्जाला चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, हे मी सांगितलं आणि फॉर्म दिला. पण चाचा हलेनात. बोर्डाची किंमत त्यांना ऐकायचीच होती. चाचींच्या बांगड्या मोडून घेतलेला माल होता तो. पंधरा टक्के घसारा धरला तर शंभर रुपयांचे तीस वर्षांनी पाऊण रुपया उरतात, पण तेवढ्यासाठी माणूस बँकेत येत नाही. मी बोर्ड उलटासुलटा करून पाहिला. बॅटरी कुठेच नव्हती. चिपांवरची नावं कुणीतरी कानशीनं घासून काढली होती. असली काम चोरटे करतात. ज्या कलाकृतीवर मी दीड तासाचं व्याख्यान लिहिलं होतं ती नक्कल होती, आणि ते समोरच्या म्हाताऱ्याला सांगायचं माझ्यावर आलं होतं. कर्ज नाकारताना माझा आवाज कधी अडखळला नाही, तो त्या दिवशी अडखळला.

"चाचा, ये... असली नहीं है."

"वो तो मेरेकू पैले दिन से मालूम," चाचा म्हणाले. "चाची कू मत बोलना."

मग त्यांना माझी जास्तच ओळख पटत गेली असावी. स्ट्रीट फायटरच्या बोर्डावर आठ-आठ खटक्यांच्या तीन रांगा असायच्या आणि गेम सोपा-कठीण करायच्या आठ पायऱ्या त्यांत होत्या, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. सकाळी दुकान उघडताना ते मधली पायरी ठेवायचे. "और तेरे स्कूल का टाइम होने लगा तो मैं ऊपर कर देता था. तू एक रुपये में पौन घंटा खाता था ना!" तीस वर्षं मी माझ्या बोटांना दोष देत आलो होतो.

त्या रविवारी आम्ही बोर्ड घेऊन टीव्ही दुरुस्तीच्या एका दुकानात गेलो. तिथल्या कारागिरानं एका जुन्या पिक्चर ट्यूबला तारा जोडल्या, बाहेरून वीज दिली. पट्ट्या घासायला चिरंजीवांच्या कंपासपेटीतलं खोडरबर नेलं होतं. पहिल्यांदा नुसती हिरवी रेघ आली, दुसऱ्यांदा काहीच नाही, तिसऱ्यांदा आवाज आला, तोच पत्र्याचा, आणि पाठोपाठ चित्र. चिरंजीवांनी फोन खिशात ठेवला. नाणं घालायला कपाट नव्हतं, नाण्याची तार सोळाव्या पट्टीवरून नुसती लोंबत होती. ती जमिनीच्या तारेला टेकवली की यंत्राला रुपया पडल्यासारखं वाटतं. चाचांनी ती तार चिमटीत धरली आणि दुसरा हात माझ्यापुढे पसरला.

मी खिसे चाचपले. सुटे नव्हते. फोन काढून म्हटलं, "चाचा, नंबर सांगा, पाठवतो."

"कॉइन," चाचा म्हणाले, आणि तार तशीच धरून उभे राहिले.