साडेएकोणतीस तासांचे वाङ्मय

मराठीत कवितासंग्रहांची परीक्षणे होतात, कादंबऱ्यांची होतात, क्वचित लोणच्यांच्या पुस्तकांचीही होतात. पण नोकरीच्या माहितीपत्रकाचे परीक्षण कुणी केलेले निदान माझ्या तरी पाहण्यात नाही. हा अन्याय आहे. कविता कळली नाही तर माणूस फार तर पुस्तक मिटून झोपतो. माहितीपत्रक कळले नाही तर परमुलखात घरमालक येऊन झोपेतून उठवतो!

माझा एक पुतण्या टोरंटोत जन्मला नि तिथेच वाढला. भूगर्भशास्त्राची पदवी घेतल्यावर त्याला साक्षात्कार झाला की दगडांपेक्षा माणसे बरी. तेव्हा जपानात किंवा कोरियात जाऊन इंग्रजी शिकवावे. ‘काका, तुम्ही पुस्तकांवर लिहिता ना, मग हेही बघा’ म्हणून त्याने चार खासगी शाळांची पत्रके धाडली. भूगर्भशास्त्राचा आणि इंग्रजीचा संबंध काय, असे कृपा करून विचारू नका. कोरियाच्या इ-२ व्हिसाला पदवी कुठलीही चालते. पारपत्र मात्र मुख्यतः ठरावीक सात देशांचे लागते. चाळीस वर्षे पोरांकडून इंग्रजी व्याकरण घोटून घेणाऱ्या आमच्या शेजारच्या बाई त्या सातांत बसत नाहीत. दगड फोडणारा पुतण्या बसतो.

आता पत्रकांकडे वळू. या वाङ्मयप्रकारात ऋतू एकच, वसंत. पाऊस पडत नाही, कुणाला सर्दी होत नाही, सगळी मुले एकाच वेळी हसतात. भाषा अलंकारप्रचुर. ‘आकर्षक वेतन’ हा लाडका शब्दप्रयोग. अहो, आकडा खरोखर आकर्षक असता तर तो लपवला कशाला असता? दुसरे लाडके वाक्य, ‘आमची शाळा म्हणजे एक कुटुंब आहे.’ इथे वाचकाने सावध व्हावे. कुटुंब म्हटले की हिशेब विचारायची चोरी, आणि रविवारी काम निघाले तर ‘घरचेच तर कार्य’!

पत्रक हे काव्य. गद्य सुरू होते ते करारात. एका कसलेल्या गद्यलेखकाचा नमुना देतो. जपानमधल्या अशा कित्येक शाळांच्या करारांत वर्षानुवर्षे आठवड्याचे तास लिहिलेले असत साडेएकोणतीस. तीसही नाही, एकोणतीसही नाही. कारण तिशीच्या आसपास पोचले की नोकराला आरोग्यविमा आणि निवृत्तिवेतनाच्या योजनेत घ्यावे लागे, आणि त्यातला अर्धा हप्ता मालकाच्या खिशातून जाई. एवढा मोठा आशय अर्ध्या तासात मावलेला मी मराठी नवकवितेतही पाहिलेला नाही. २०१६ पासून मोठ्या कंपन्यांसाठी ही रेषा वीस तासांवर आली आणि त्या आकड्याची गोडी गेली.

कोरियाच्या गद्यात कलाटणी शेवटच्या प्रकरणात असते. तिथल्या कायद्याने वर्ष पुरे करणाऱ्याला सुमारे एका महिन्याचा पगार जादा मिळतो. त्यामुळे दहा महिने गुणी असलेल्या मास्तरात अकराव्या महिन्यात एकाएकी दोष दिसू लागल्याच्या तक्रारी तिकडे जुन्याच आहेत.

आणि शोकांतिका हवी असेल तर ‘नोव्हा’. १९८१ साली ओसाकात निघालेली ही शाळा पुढे जपानातली सर्वांत मोठी इंग्रजी शिकवणी झाली. शेकडो शाखा, ‘स्टेशनासमोरच परदेशी शिक्षण’ या अर्थाचे घोषवाक्य, आणि चोच असलेला गुलाबी ससा हे बोधचिन्ह. (सशाला चोच का, एवढे जरी कुणी वेळेवर विचारले असते!) विद्यार्थ्यांकडून पुढच्या तासांचे पैसे आधीच घ्यायचे, आणि मध्येच सोडणाऱ्याला परत देताना झालेल्या तासांचा दर वाढवून लावायचा, ही तिथली रीत. एप्रिल २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा हिशेब बेकायदा ठरवला. जूनमध्ये सरकारने नवे दीर्घ मुदतीचे करार सहा महिने बंद केले. उद्याच्या फीवर आज जेवणाऱ्या संस्थेची उद्याची फी आटली, मग पगार रेंगाळले. शिक्षकांच्या पगारातून घरभाडे कापले जात होते, पण ते घरमालकांपर्यंत पोचत नव्हते. २६ ऑक्टोबरला संस्था कोर्टाच्या आश्रयाला गेली. चार हजारांवर परदेशी शिक्षक बिनपगारी झाले. अध्यक्षांच्या कचेरीत शयनगृह आणि बाष्पस्नानाची खोली निघाली. शिक्षकांच्या संघटनेने ‘शिकवतो, जेवायला घाला’ अशी मोहीम काढली. आपल्याकडे पूर्वी विद्यार्थी वार लावून जेवत. तिथे ती पाळी गुरुजींवर आली.

कुणी म्हणेल, शाळा लबाड होती. पण २०२१ च्या जुलैत चीन सरकारने शालेय विषयांच्या खासगी शिकवण्यांवर बडगा उगारला, तेव्हा त्यात बऱ्या आणि वाईट दोन्ही शाळा मोडल्या. म्हणून ‘शाळा चांगली का?’ हा प्रश्नच मला कच्चा वाटतो. शाळा उद्या बंद पडली तर माझे काय उरते, हे विचारावे. खोली कुणाच्या नावावर आहे? नोकरी गेली तर व्हिसा किती दिवस टिकतो, दुसरीकडे जायला जुन्या मालकाची चिठ्ठी लागते का? पगाराची तारीख कुठली, आणि गेल्या वर्षी ती किती वेळा पाळली? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर शाळा देणार नाही. ते सोडून गेलेल्या मास्तराला विचारावे, आणि एकाला नव्हे, तिघांना. एकटा माणूस भांडूनही गेलेला असू शकतो.

या कसोटीवर पहिली तीन पत्रके वाङ्मय म्हणून उत्तीर्ण आहेत. छपाई देखणी, भाषा ओघवती, मुले हसरी. चौथे पत्रक म्हणजे टंकलिखित दोन कागद. चित्र नाही, वसंत नाही, कुटुंब नाही. पगाराचा आकडा आणि तारीख, तास किती नि मिनिटे किती, रजा किती, खोली शिक्षकाच्या नावावर, आणि खाली आधीच्या तीन शिक्षकांचे पत्ते. शैली रटाळ, कल्पनाशक्तीचा पूर्ण अभाव.

नोकरी तिथेच करावी.