तीन कप्पे आणि एक रस्ता

सीमाभागातल्या गावांची संकेतस्थळं अलीकडं बरीच पाहिली. साचा एकच. वारसा, व्यवसाय आणि आपत्ती असे तीन कप्पे. वारशात देवळाचा फोटो आणि राजघराण्यांची यादी, व्यवसायात 'तंबाखू, ऊस, दूध' एवढे तीन शब्द, आपत्तीत 108 आणि 112. गावाचं नाव तेवढं बदललं की कुठंही चालेल!

निपाणीचंच घेऊ. 1981 साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी पुणे-बेंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले. पोलिसांच्या गोळीबारात त्यातले काही मारले गेले. तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायकांच्या लढ्यावर दीपा धनराज यांच्या युगांतर गटानं 1982 साली 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा माहितीपट केला. पुढं 2019 आणि 2021 च्या पुरात यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी चढलं आणि तोच महामार्ग बंद पडला. आता हा रस्ता वारशात घालायचा, व्यवसायात की आपत्तीत? कप्पे करणाऱ्यांना हा प्रश्नच पडलेला दिसत नाही.

वारशाचं पान अपुरं राहिलं तर फार तर आपण हळहळू. आपत्तीच्या पानाचं तसं नाही. वेदगंगेवरचं पाटगाव धरण भुदरगड तालुक्यात, दूधगंगेवरचं काळम्मावाडी राधानगरी तालुक्यात. धरणं भरतात महाराष्ट्रात, पाणी शिरतं कर्नाटकातल्या घरात. तरी मी पाहिलेल्या पानांवर वरच्या अंगाच्या धरणांचं नावसुद्धा नाही. सगळी माहिती जिल्ह्याच्या हद्दीपाशी थांबते. 1956 ची रेघ नदीला कुणी दाखवली?

खरं तर पाणी देवळाच्या कितव्या पायरीला लागलं, जनावरं कुठल्या माळावर नेली, कुठली वाट आधी बुडते, हे गावातल्या जुन्या माणसांना तोंडपाठ असतं. ते तारखेसह लिहून घेतलं तर इतिहासही तोच आणि पूर्वसूचनाही तीच. लिहायचं मात्र मराठीत आणि कन्नडमध्येही. पाटीवरच्या भाषेचं भांडण आपल्याला नवं नाही, पण रात्री पाणी वाढताना शेजाऱ्याला वाचता आलं पाहिजे की नको?

आणि ते पान सांभाळणार कोण, हेही आधीच ठरलेलं बरं. एका गावाच्या संकेतस्थळावर 'ताजी सूचना' म्हणून 2019 च्या पुराचीच सूचना अजून लुकलुकते आहे. 2021 चा पूर तिथं आलेलाच नाही.